हजार पौंडांचा थाट : जग्वार प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

विषय पक्का झाला. ऑटोमोबाइल विभागाच्या यंदाच्या प्रदर्शनात एकच कंपनी घ्यायची : जग्वार. दहा फलक, एक्सके १२० या गाडीच्या पुढच्या मडगार्डची निम्म्या मापातली, हातानं ठोकलेली प्रतिकृती आणि इंजिनाच्या हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) तत्त्व दाखवणारा एक कापीव नमुना. उद्घाटन २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी. त्यामुळे फलकांवरचा सगळा मजकूर मराठीत.

विषय मुलांच्या वादातून निघाला. नोव्हेंबरमध्ये जग्वारनं नवं बोधचिन्ह आणलं, एकही गाडी नसलेली जाहिरात काढली, २ डिसेंबरला मायामीत ‘टाइप ००’ नावाची संकल्पना-गाडी दाखवली, आणि वर्गात त्यावरून चांगलीच जुंपली. काहींचं म्हणणं, कंपनीनं होतं ते नाव घालवलं. बाकीच्यांचं म्हणणं, जुनं धरून बसलं तर उद्या विकायचं काय? ते नाव मुळात कशाच्या जोरावर कमावलं होतं, हे मात्र दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हतं. टाटांची कंपनी, झेप घेणारं जनावर, श्रीमंतांची गाडी, इथवर माहिती होती.

माझं मत मी पहिल्याच बैठकीत मांडलं. जग्वारची प्रतिष्ठा महागपणावर उभी राहिलेली नाही. दुप्पट किमतीच्या गाडीचं रूप आणि वेग निम्म्या किमतीत देणं, ही जग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांची खरी कमाई. म्हणून प्रत्येक फलकावर गाडीच्या चित्राशेजारी तिची त्या काळची किंमत मोठ्या आकड्यात लावायची. श्रेयसला ही कल्पना लगेच पटली. सानिकाला नाही. ती म्हणाली, “सर, नुसती स्वस्त असून नाव होत नसतं.” बरोबर आहे. म्हणून नावाची दुसरी बाजूही, म्हणजे ले मान्सची शर्यत आणि इंजिन, तितक्याच जोरकसपणे यायला हवी.

९ जानेवारी

पहिला फलक लिहून झाला. ब्लॅकपूल, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं सहलीचं गाव. तिथं विल्यम वॉल्म्सली हा तरुण मोटरसायकलला जोडायच्या साइडकार बनवत होता. ॲल्युमिनियमच्या, अष्टकोनी, चकचकीत. शेजारी राहणाऱ्या विल्यम लायन्सला त्या आवडल्या आणि त्यात धंदा दिसला. दोघांच्या वडिलांनी हमी दिली, बँकेनं हजार पौंडांची उचल मंजूर केली. पण कायद्यानं भागीदार व्हायला लायन्सचं वय भरत नव्हतं. ४ सप्टेंबर १९२२ रोजी त्याला एकवीस पूर्ण झाली आणि ‘स्वॉलो साइडकार’ उभी राहिली.

१९२७ मध्ये त्यांनी ऑस्टिन सेव्हन या अगदी साध्या, छोट्या गाडीच्या चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, स्वतःची बॉडी चढवली. दोन रंगांची, गोलसर, किंमत १७५ पौंड. इंजिन तेच, चाकं तीच, पण शेजाऱ्यांनी वळून बघावं असं रूप. लंडनच्या हेन्लीज या विक्रेत्यांनी पाचशे गाड्यांची मागणी नोंदवली, आणि १९२८ मध्ये सगळा कारखाना कॉव्हेंट्रीला हलला. कॉव्हेंट्री म्हणजे तेव्हाचं मोटारींचं गाव. कारागीर, सुटे भाग, ओतकाम, सगळं हाताशी. आमच्या उद्यमनगरात वाढलेल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

१७ जानेवारी

संक्रांतीच्या गडबडीत चार दिवस गेले. आता दुसरा फलक : एसएस १.

ऑक्टोबर १९३१, लंडनचं मोटार प्रदर्शन. स्टँडर्ड कंपनीकडून घेतलेलं चॅसी आणि इंजिन, त्यावर लांबलचक बॉनेट आणि बसकं छप्पर. किंमत ३१० पौंड, आणि बघणारे म्हणत होते की दिसते हजार पौंडांची. हेच शब्द पुढे जाहिरातीत आले. प्रदर्शनाचं नाव मी त्यावरूनच घेतलं : हजार पौंडांचा थाट.

या गाडीची एक हकीकत फलकावर घ्यायचीच, कारण तिच्यातून लायन्स यांची नजर कळते. गाडी आकाराला येत असताना ते अपेंडिक्सच्या दुखण्यानं रुग्णालयात होते. मागं वॉल्म्सलीला वाटलं, आत बसणाऱ्याचं डोकं छताला लागेल. त्यानं छत वर उचललं. परत आल्यावर लायन्सना ती गाडी बघवेना. पण प्रदर्शनाची तारीख तोंडावर आली होती, आहे तशीच न्यावी लागली. पुढच्या वर्षभरातच त्यांनी ती सुधारून बसकी केली. वॉल्म्सलीचं म्हणणं व्यवहारी होतं, लायन्सचं नजरेचं. अशा जोड्या फार टिकत नाहीत. १९३५ पर्यंत वॉल्म्सली बाहेर पडला.

सप्टेंबर १९३५ मध्ये लंडनच्या मेफेअर हॉटेलात लायन्सनी विक्रेत्यांना जेवायला बोलावलं, पडद्याआडून नवी ‘एसएस जग्वार’ पुढे आणली आणि प्रत्येकाला किमतीचा अंदाज चिठ्ठीवर लिहायला सांगितला. सरासरी आली ६३२ पौंड. खरी किंमत होती ३८५. सगळ्या दहा फलकांत मला सर्वांत प्रिय प्रसंग कुठला म्हणाल तर हा. प्रदर्शनातही एक डबा ठेवायचा, चिठ्ठ्या ठेवायच्या, आणि बघणाऱ्यांना जग्वारच्या ई-टाइप या गाडीची १९६१ मधली किंमत ओळखायला लावायची. ही कल्पना सानिकाची.

महायुद्धानंतर ‘एसएस’ ही अक्षरं ठेवणं शक्यच नव्हतं. हिटलरच्या पथकांनी त्यांना जो अर्थ दिला होता, तो युरोप विसरणार नव्हता. १९४५ मध्ये कंपनीचं नाव ‘जग्वार कार्स’ झालं.

२२ जानेवारी

मडगार्डचं काम सुरू. नामदेवमामांनी होकार दिला याचा मला मनापासून आनंद झाला. उभं आयुष्य ट्रकच्या केबिन आणि बसच्या बॉड्या बांधण्यात गेलेला माणूस. चित्र बघून पहिलं वाक्य : “सर, ह्यात सरळ रेघच न्हाई की.”

एक्सके १२० च्या पहिल्या सुमारे २४० गाड्या अशाच झाल्या. ॲश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर हातानं ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टला ही गाडी मांडली तेव्हा ती फार मोठ्या संख्येनं करायचा विचारच नव्हता. नवं इंजिन तयार होतं, ते ज्या मोठ्या गाडीसाठी होतं ती तयार नव्हती, म्हणून इंजिन दाखवायला एक खुली गाडी काही आठवड्यांत उभी केली. मागणी इतकी आली की १९५० पासून पोलादी पत्र्याचे साचे करून दाबयंत्रावर बॉडी काढाव्या लागल्या. शेवटी संख्या १२ हजारांवर गेली. त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये जो माल निर्यात करील त्यालाच पोलाद मिळत होतं. सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक हॉलिवूडच्या क्लार्क गेबलनं घेतली, आणि मग वेगळ्या प्रचाराची गरज उरली नाही. किंमत, कर सोडून, ९९८ पौंड.

आज प्लायवूडचे छेद कापले. बोनेटपासून चाकाच्या कमानीपर्यंत ठरावीक अंतरावर उभ्या फळ्या, त्यांच्या कडा म्हणजे मडगार्डची वळणं. ठोकलेला पत्रा त्यावर बसवून तपासायचा.

२३ जानेवारी

पत्रा मऊ करायची मामांची रीत मुलांनी डोळे मोठे करून पाहिली. ॲल्युमिनियम तापताना रंग बदलत नाही, त्यामुळे किती तापलं ते कळत नाही आणि क्षणात भोक पडतं. मामांनी साधा कपड्याचा साबण घेऊन कोरड्या पत्र्यावर रेघोट्या ओढल्या, मागच्या बाजूनं गॅसची ज्योत फिरवली. पांढरी रेघ पिवळी, मग तपकिरी, मग काळी पडली. काळी झाली की ज्योत काढायची. पत्रा गार झाल्यावर हातानं वाकतो. मग वाळू भरलेल्या कातडी पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीनं खोलगट करायचा, नंतर दोन रोलरांच्या मधून पुढंमागं सरकवत ठोक्यांचे पोचे काढायचे. ठोकता ठोकता पत्रा पुन्हा कडक होतो, की परत साबण.

श्रेयसनं मधोमध जोर लावला तेव्हा मामा म्हणाले, “भाकरी थापतोस तसं कर. मधनं कडंला.” त्यानंतर त्याचा हात सुधारला.

कॉव्हेंट्रीत लायन्सची पद्धत याच जातीची होती. ते कागदावर गाडी काढत नसत. कारागिरांना शेजारी घेऊन लाकूड आणि पत्र्याचा पूर्ण मापाचा नमुना उभा करायचा, बघायचं, ही कड अर्धा इंच खाली, तो फुगवटा थोडा मागं, असं सांगत राहायचं. नमुना पुरेसा झाला की तो वॅपनबरी हॉल या आपल्या घरी नेऊन अंगणातल्या उजेडात, चारी बाजूंनी पाहायचा. कुठल्याही शिक्षणसंस्थेत रेखनाची पदवी न घेतलेल्या माणसानं चाळीस वर्षं अशा गाड्या काढल्या, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं. त्यांच्यापैकी अनेकांना वाटतं की संगणकावर आकार काढता आला म्हणजे आकार कळला.

२९ जानेवारी

चौथा फलक. इंजिन. हा सर्वांत मोठा, दोन फळ्यांचा.

युद्धकाळात बॉम्बहल्ल्यांमुळे कारखान्याच्या छपरावर रात्री आगीचा पहारा द्यावा लागे. लायन्सनी पहाऱ्याच्या पाळ्या अशा लावल्या की विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली हे अभियंते एकत्र येतील. त्या रात्रींच्या बोलण्यात एक्सके इंजिनाचा आराखडा पिकला. हेडच्या आतल्या हवेच्या वाटा हॅरी वेस्लेक यांनी घडवल्या. सहा सिलिंडर, ३,४४२ सीसी, ८३ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि १०६ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), सात मुख्य बेअरिंग, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि त्यावर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे हवेची दारं (व्हॉल्व्ह) उघडणारे फिरते दांडे. १९४८ मध्ये १६० हॉर्सपॉवर.

दोन कॅमशाफ्ट माथ्यावर असणं तेव्हा शर्यतीच्या गाड्यांचं वैशिष्ट्य. ते महाग, नाजूक आणि गोंगाटी असतात अशी समजूत होती. लायन्सनी ते रोजच्या वापराच्या गाडीत, मोठ्या संख्येनं आणि परवडणाऱ्या किमतीत आणलं. शिवाय त्यांची अट होती की बॉनेट उघडल्यावर इंजिनही देखणं दिसलं पाहिजे. म्हणून कॅमशाफ्टवरची ती दोन लांब, आरशासारखी घासलेली झाकणं.

मुलांना प्रश्न पडतो : दोन कॅमशाफ्ट कशाला? उत्तर ज्वलनकक्षात आहे. कक्ष अर्धगोल, आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांशी ७० अंशांचा कोन करून तिरके. असे तिरके ठेवले की मोठे व्हॉल्व्ह बसतात, हवा एका बाजूनं सरळ आत आणि दुसऱ्या बाजूनं सरळ बाहेर जाते, आणि प्लग जवळपास मध्यभागी येतो. पण दोन ओळी इतक्या लांब गेल्यावर एका कॅमशाफ्टनं दोन्ही थेट दाबता येत नाहीत. भंगारातून आणलेलं मोटरसायकलचं हेड उभं कापून घेतलं, त्यात कक्षाचा घुमट आणि व्हॉल्व्हचा तिरकेपणा स्पष्ट दिसतो. तोच नमुना फलकाखाली ठेवायचा.

हे इंजिन १९४८ ते १९९२ बनत राहिलं. चव्वेचाळीस वर्षं. शर्यतीच्या गाड्या, घरगुती सलून, डेमलरच्या लांब लिमोझिन, आणि ४.२ लिटरच्या रूपात ब्रिटिश लष्कराचा ‘स्कॉर्पियन’ हा हलका रणगाडासुद्धा. प्रतिष्ठा म्हणतात ती अशा ठिकाणी असते, बोधचिन्हात नसते, हे माझं ठाम मत. सानिकानं ते फलकावर घेऊ दिलं नाही. इथं नोंदवून ठेवतो.

४ फेब्रुवारी

ले मान्सचा फलक. फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत. जग्वारच्या नावाला जगभर वजन आलं ते इथं.

१९५१, पीटर वॉकर आणि पीटर व्हाइटहेड, सी-टाइप ही शर्यतीची जग्वार, पहिला विजय. १९५३, टोनी रॉल्ट आणि डंकन हॅमिल्टन, पुन्हा सी-टाइप, या वेळी चारही चाकांना डिस्क ब्रेक. हे नीट समजावण्यासारखं आहे. ड्रम ब्रेकमध्ये उष्णता आत कोंडते, ड्रम फुगतो, पकड सुटत जाते. डिस्क उघड्यावर फिरते, वारा लागतो, दर फेरीला तीच पकड मिळते. म्हणजे प्रतिस्पर्ध्यापेक्षा उशिरा ब्रेक दाबता येतो, आणि हे चोवीस तास, प्रत्येक वळणावर. डनलॉप कंपनीबरोबर हे ब्रेक विकसित करताना चाचणीचा भार नॉर्मन ड्यूइस या चालकानं वाहिला. त्या वर्षी विजेत्यांचा सरासरी वेग ताशी १७० किलोमीटर पडला. ताशी शंभर मैलांची सरासरी ले मान्सला प्रथमच ओलांडली गेली. आज मुलांच्या बाइकला पुढं जी डिस्क असते, तिच्या वंशावळीत ही शर्यत आहे.

१९५५ बद्दल किती लिहायचं यावर बराच वेळ बोललो. माइक हॉथॉर्नची डी-टाइप जग्वार पिटकडे (गाड्यांच्या थांब्याकडे) वळून मंदावली, मागच्या गाडीनं तिला चुकवायला दिशा बदलली, आणि पिअर लव्हे यांची मर्सिडीज त्या मागच्या गाडीवर आदळून प्रेक्षकांत गेली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. शर्यत थांबवली नाही. मर्सिडीजनं रात्रीत आपल्या गाड्या काढून घेतल्या, जग्वार धावत राहिली आणि जिंकली. हा विजय यादीत आहे म्हणून फलकावर आहे, पण त्याला विजयचिन्ह लावायचं नाही, नुसतं वर्ष आणि मृतांचा उल्लेख. यावर सगळ्यांचं एकमत झालं.

त्याच आठवड्यात आणखी एक मृत्यू झाला होता. लायन्स यांचा एकुलता एक मुलगा जॉन, ले मान्सला जाताना फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. कंपनीचं पुढं काय झालं ते समजून घेताना हा मृत्यू वगळता येत नाही. वारस उरला नाही.

१९५६ आणि १९५७ मध्ये ‘एकुरी एकॉस’ या एडिनबराच्या खासगी चमूनं डी-टाइपवर विजय मिळवले. ५७ मध्ये तर पहिले चार क्रमांक जग्वारचेच. मग थेट १९८८ आणि १९९०. एकूण सात.

८ फेब्रुवारी

आज लायन्स यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. ई-टाइपचा फलक आजच संपवायचा ठरवलं होतं, संपवला.

१५ मार्च १९६१, जिनिव्हा. एक गाडी कॉव्हेंट्रीहून बॉब बेरी चालवत घेऊन आले. पत्रकारांची एवढी झुंबड उडाली की लायन्सनी दुसरी मागवली, आणि नॉर्मन ड्यूइस यांनी ‘७७ आरडब्ल्यू’ क्रमांकाची खुली ई-टाइप रातोरात, समुद्र ओलांडून, सकाळी जिनिव्हात उभी केली. आकार माल्कम सेयर यांचा. विमानाच्या कारखान्यातून आलेला माणूस. प्रत्येक वळण त्यांनी गणितानं, लॉगॅरिदमच्या कोष्टकांतून काढलं होतं. लायन्सची नजर आणि सेयरचं गणित या दोन टोकांच्या वाटा एकाच कारखान्यात शेजारी चालत होत्या, ही मला या कंपनीची सर्वांत मोठी श्रीमंती वाटते.

३.८ लिटर, २६५ हॉर्सपॉवर, ताशी १५० मैल म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. किंमत करांसह २,१०० पौंडांच्या आसपास, तेव्हा ॲस्टन मार्टिन डीबी४ जवळपास दुप्पट होती. १९७४ पर्यंत ७२ हजारांवर ई-टाइप बनल्या. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं एक निळी ई-टाइप आपल्या कायमच्या संग्रहात घेतली.

शेजारीच मार्क २ लावली. १९५९ ची, चार दारांची, ३.८ लिटर इंजिनाची, दोन हजार पौंडांच्या आत. डॉक्टर, वकील, छोटे कारखानदार ती घेत. महामार्गावर पोलिसांकडे तीच, आणि पळून जाणाऱ्या दरोडेखोरांकडेही तीच, कारण तिला गाठायला तीच लागायची.

१२ फेब्रुवारी

मडगार्डची पहिली बाजू साच्यावर बसली. चाकाच्या कमानीजवळचं वळण मामांनी स्वतः केलं, मुलांना नुसतं बघायला सांगितलं. वेल्डिंगचा जोड कुठं आहे ते पॉलिशनंतर शोधून दाखवावं असं काम.

फलकात एक चौकट वाढवली : १९५७ ला याच तारखेला जग्वारच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली, शेकडो गाड्या जळाल्या. डी-टाइपवरून रस्त्यासाठी काढलेल्या एक्सकेएसएसपैकी नऊ त्यात गेल्या, सोळाच वाचल्या. कामगारांनी काही दिवसांत उत्पादन सुरू केलं.

१५ फेब्रुवारी

सातवा आणि आठवा फलक : घसरण. हे लिहिताना मुलं कंटाळतील असं वाटलं होतं, पण यातच ती जास्त रमली.

वारस नाही, आणि बॉडी पुरवणारी प्रेस्ड स्टील कंपनी १९६५ मध्ये बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ताब्यात गेली. बॉडी दुसऱ्याच्या हातात म्हणजे गळा दुसऱ्याच्या हातात. १९६६ मध्ये लायन्सनी जग्वार बीएमसीत विलीन केली, १९६८ मध्ये सगळंच ब्रिटिश लेलँड झालं. त्याच वर्षी एक्सजे६ आली. लायन्सची शेवटची मोठी गाडी, १,८०० पौंडांच्या आसपास सुरू होणारी. तिची शांतता आणि खड्ड्यांवरून जाण्याची लकब तिच्याहून महाग गाड्यांना जमत नव्हती. १९७२ मध्ये लायन्स निवृत्त झाले.

पुढची वर्षं वाईट. १९७५ मध्ये लेलँड सरकारच्या मालकीची झाली. संप, तुटवडा, कधी बंद पडेल सांगता न येणारी विजेची जोडणी, रंगाचे पोपडे. एका काळात कॅसल ब्रॉमविच इथल्या रंगशाळेतून मोजकेच रंग धड मिळत. बॉब नाइटसारख्या अभियंत्यांनी जग्वारचा स्वतंत्र अभियांत्रिकी विभाग लेलँडमध्ये विरघळू दिला नाही, म्हणून पुढं वाचवण्यासारखं काहीतरी उरलं. १९८० मध्ये जॉन ईगन जग्वारचे प्रमुख म्हणून आले. त्यांनी दोषांची यादी करायला लावली. निम्म्याहून जास्त दोष बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांचे निघाले, मग पुरवठादारांनाच त्याचा खर्च भरायला लावला. १९८४ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात उतरली आणि शेअरना कितीतरी पट मागणी आली. लहान कारखान्यांना भाग पुरवणाऱ्या घरांतली मुलं माझ्या वर्गात आहेत. ईगनच्या यादीवर त्यांनी जेवढे प्रश्न विचारले तेवढे ले मान्सवरही नाही.

१९८९ मध्ये फोर्डनं सुमारे अडीच अब्ज डॉलरला जग्वार घेतली. गुणवत्ता सुधारली, हे मान्य करायलाच हवं. पण २००१ ची एक्स-टाइप फोर्ड माँडिओच्या पायावर बेतलेली होती आणि ते कुणापासून लपलं नाही. १९२७ मध्येही लायन्सनी ऑस्टिनच्या पायावरच गाडी बांधली होती ना, असं श्रेयसनं विचारलं. फरक असा की स्वॉलो ऑस्टिनपेक्षा कितीतरी वरची दिसायची. एक्स-टाइप माँडिओपेक्षा तेवढी वर गेली नाही.

आणि उलट टोक म्हणजे एक्सजे२२०. १९९२, ताशी ३४९ किलोमीटर, त्या काळची जगातली सर्वांत वेगवान गाडी. किंमत चार लाख पौंडांच्या वर. बारा सिलिंडर सांगून सहाचं टर्बो इंजिन दिलं, मंदी आली, नोंदणी केलेले ग्राहक कोर्टात गेले. साडेतीनशेपर्यंत करायचा विचार होता, तीनशेही झाल्या नाहीत. गाडी म्हणून अप्रतिम. पण किमतीच्या शिखरावर जग्वारचं कधी नीट जमलं नाही, याचा हा पुरावा मी फलकावर ठळक ठेवला आहे.

२० फेब्रुवारी

नववा फलक, टाटा. इथं मुलांचा उत्साह आवरावा लागला. सगळ्यांना बदल्याची गोष्टच हवी होती.

ती गोष्ट अशी : इंडिका १९९८ मध्ये पुण्यात सुरू झाली, विक्री नीट होईना, १९९९ मध्ये टाटांची माणसं मोटार विभाग विकायला डेट्रॉइटला फोर्डकडे गेली. येत नव्हतं तर या धंद्यात पडलात कशाला, असं तिथं ऐकावं लागलं. नऊ वर्षांनी तीच फोर्ड टाटांना म्हणाली, जग्वार लँड रोव्हर घेऊन तुम्ही आमच्यावर उपकार करताय. टाटा समूहातले प्रवीण काडले यांनी ही हकीकत २०१५ मध्ये मुंबईत, यशवंतराव चव्हाण पुरस्कार रतन टाटांच्या वतीनं स्वीकारताना सांगितली. ती फलकावर आहे, चार ओळींत.

पण त्यापेक्षा मोठी जागा मी पुढच्या आकड्यांना दिली. २ जून २००८ ला २.३ अब्ज डॉलरला व्यवहार पुरा झाला, आणि सप्टेंबरमध्ये जागतिक मंदी कोसळली. २००८-०९ मध्ये टाटा मोटर्सला एकत्रित २,५०५ कोटी रुपयांचा तोटा झाला. अशा वेळी नव्या गाड्यांवरचा खर्च न तोडता टिकून राहणं, हा खरा पराक्रम. २०११ पासून पुण्यात जग्वार लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली, २०१३ मध्ये एक्सएफ तिथं जोडली जाऊ लागली. त्या कारखान्याला सुटे भाग आणि माणसं पुरवणारा टापू आमच्यापासून चार तासांवर आहे.

हेही लिहिलं की लँड रोव्हर फोफावली आणि जग्वार मागं राहिली. आय-पेस ही विजेची गाडी २०१९ ची ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’ ठरली, पण बाजारात जर्मन कंपन्यांपुढं जग्वारचा निभाव लागला नाही.

२४ फेब्रुवारी

दहावा फलक, सर्वांत लहान. २०१५ मधली एक्सई तीस हजार पौंडांच्या आत सुरू व्हायची. नव्या विजेच्या जग्वारची किंमत कंपनीच्या सांगण्यानुसार एक लाख पौंडांच्या वर असेल. संख्या कमी, किंमत जास्त. ‘कशाचीही नक्कल नको’ हे लायन्सचं म्हणून सांगितलं जाणारं वचन जाहिरातीत आहे. लायन्सची ३८५ पौंडांची चिठ्ठी त्या जाहिरातीत नाही. माझ्या दृष्टीनं रंग, अक्षरं, जनावराचं चित्र हा वाद दुय्यम आहे, बदल किमतीत झाला आहे. सानिकाचं मत वेगळं : मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूशी तीस हजारांच्या पट्ट्यात लढून हरण्यापेक्षा वर जाणं शहाणपणाचं. दोन्ही मतं शेजारी शेजारी, नावानिशी लावली.

२७ फेब्रुवारी

उद्घाटन झालं. किमतीच्या डब्यात चिठ्ठ्यांचा खच पडला. बहुतेकांनी ई-टाइपला पाच हजार पौंडांच्या पुढं नेलं. मडगार्ड पॉलिश करून, एक कड मुद्दाम ठोक्यांच्या खुणांसह ठेवली होती. लोक आधी तिथं हात लावतात, मग गुळगुळीत भागावर. नामदेवमामा दिवसभर शेजारी उभे राहून साबणाची रीत सांगत होते.

दुपारी उद्यमनगरातले एक ज्येष्ठ फौंड्रीवाले चौथ्या फलकापुढं बराच वेळ थांबले. त्यांचा प्रश्न नेमका होता : हेड ॲल्युमिनियमचं, मग व्हॉल्व्हची बैठक कशाची? मऊ धातूवर व्हॉल्व्ह आपटत राहिला तर आठवड्यात खड्डा पडेल. फलकावर हे नव्हतं. एक्सकेमध्ये बैठकीची कडी वेगळ्या, कठीण लोखंडाची असते. हेड तापवून फुगवायचं, गार कडी आत सोडायची, हेड निवताना तिला आवळून धरतं. पुढच्या एक्सके इंजिनांत अतितापानं टॅपेटचे (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या टोप्यांचे) गाइड सैल होण्याची जी तक्रार यायची, तीही याच धातूंच्या वेगळ्या प्रसरणातून. त्यांनी ॲल्युमिनियमचा एक ठोकळा आणि दोन कड्या पाठवायचं कबूल केलं आहे. सोमवारी भट्टीवर मुलांकडून ती बैठक बसवून घ्यायची, कापायची, आणि फलकाखाली मोटरसायकलच्या हेडशेजारी ठेवायची.